गुहा बघा, पण त्या रस्त्याने नको

अंदमानला जाऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, बाराटांग बेट केलं का, की पहिलं वाक्य हेच येतं, "केलं ना, मध्यरात्रीच उठवलं होतं आम्हाला." आमचंही तेच. सेल्युलर जेल झालं होतं, तिथे सावरकरांच्या कोठडीसमोर बाबा बराच वेळ नुसते उभे होते, कोणाशी बोलले नाहीत. नंतर दोन दिवस बीच वगैरे झाले आणि मग बाराटांग. टूरवाल्याच्या कागदावर लिहिलेलं होतं चुनखडीची गुहा, चिखलाचा ज्वालामुखी, खारफुटीतून बोट. आणि तोंडी, हळूच, एक जास्तीचं सांगितलं होतं की रस्त्यात जारवा, म्हणजे तिथले आदिवासी, दिसले तर दिसले, ते तुमच्या नशिबावर.

हा सगळा लेख त्या तोंडी सांगितलेल्या वाक्याबद्दल आहे. पण आधी गुहेबद्दल सांगते, कारण ती खरंच बघण्यासारखी आहे आणि "जाऊच नका" म्हणणाऱ्यांतली मी नाही.

बाराटांगच्या जेट्टीवरून छोट्या स्पीडबोटीत बसवतात, लाइफ जॅकेट घालून. खाडी आधी रुंद असते, मग अरुंद होत जाते, आणि शेवटी बोट खारफुटीच्या अशा बोळात शिरते की दोन्ही बाजूची झाडं डोक्यावर एकमेकांना भिडलेली, पाणी हिरवं, बोटवाला इंजिन हळू करतो आणि बोटीतले सगळे आपोआप गप्प होतात. उतरलं की दीडेक किलोमीटर चालायचं, थोडं जंगल, थोडी शेतं. वाटेत काही घरं लागतात, तिथे लिंबूसरबत मिळतं. मग गुहेचं तोंड. सुरुवातीला वरून उजेड येतो, दोन्हीकडे उंच भिंती आणि मधे फट, आणि पुढे पुढे काळोख वाढत जातो. गाइड टॉर्च मारतो आणि दाखवतो, हा बघा गणपती, हे कमळ. आईने गणपतीला हात जोडले.

आपण महाराष्ट्रातले लोक गुहा म्हटलं की लेणी डोळ्यापुढे आणतो. अजिंठा, वेरूळ, कार्ला, सगळं माणसाने छिन्नीने काढलेलं, काळ्या दगडातलं. आपला सह्याद्री लाव्हाचा आहे, बेसाल्टचा, तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने कोरलेली अशी गुहा आपल्याकडे बघायला मिळत नाही. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, इतकं किंचित की आपल्या जिभेला कळणारही नाही, पण त्या आंबटपणाला चुनखडी विरघळते. हजारो वर्षं विरघळली की पोकळी होते, तीच गुहा. आणि तेच पाणी छताला येऊन थेंब थेंब लोंबायला लागलं की त्यातला वायू हवेत जातो आणि चुना मागे राहतो, थेंबाएवढाच. त्यातून छतावरून खाली येणारे आणि जमिनीवरून वर चढणारे लवणस्तंभ तयार होतात, शाळेत भूगोलाच्या पुस्तकात ज्यांची चित्रं काढून गुण मिळवले ते. शंभर वर्षांत एखादा सेंटीमीटर वाढला तरी बरंच झालं. म्हणजे तो जो बोटभर लांबीचा पांढरा नळा माझ्या मुलाच्या डोक्यावर लोंबत होता तो शिवाजी महाराजांच्याही आधीपासून तिथे थेंब धरतोय.

आणि हाताला येईल एवढ्या उंचीपर्यंतचे सगळे काळपट पडलेले आहेत. वरचे पांढरे, चकचकीत, ओले, आणि खालचे तेलकट तपकिरी, जुन्या वाड्यातल्या जिन्याच्या कठड्यासारखे. आपल्या हाताला तेल असतं, घाम असतो, तो एकदा दगडाला लागला की पुढचा चुना तिथे नीट धरत नाही, दगड वाढायचा थांबतो. गाइड सांगत होता हात लावू नका, पण अरुंद वाट, पाय घसरतो, मागून पुढचा ग्रुप येतोय, अशा वेळी माणूस धरणार काय, तर भिंतच. आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी फोटोसाठी हात ठेवला तेव्हा मी बोलले, त्यांनी लगेच काढलाही. दोष त्यांचा एकट्याचा नाही, एका वेळी इतकी माणसं आत सोडली की हे होणारच. आणि इतकी माणसं एकदम का येतात याचं उत्तर गुहेत नाही, ते रस्त्यावर आहे.

पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, तिथून बाराटांग शंभरेक किलोमीटर. रस्ता म्हणजे अंदमान ट्रंक रोड. जिरकाटांगला चेकपोस्ट आहे, तिथून मिडल स्ट्रेट या खाडीपर्यंतचा साधारण पन्नास किलोमीटरचा पट्टा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे एकेकटी गाडी सोडत नाहीत. ठरलेल्या वेळांना सगळ्या गाड्या एकत्र, पुढेमागे पोलीस, यालाच कॉन्व्हॉय म्हणतात. सहाचा पहिला कॉन्व्हॉय पकडायचा म्हणून अडीच-तीनला उठायचं, आणि मग जिरकाटांगला अंधारात गाड्यांची ही लांब रांग, चहाच्या टपऱ्या, डबे उघडून पोहे खाणारी कुटुंबं. सूचनांचे बोर्ड मोठे आहेत. थांबू नका, ओव्हरटेक करू नका, फोटो काढू नका, खायला देऊ नका. एवढ्या गाड्या एकदम सुटतात, एकदम पोचतात, एकदम बोटीत बसतात, आणि तासाभरात सगळे एकाच गुहेच्या तोंडाशी.

आमच्या बसमध्ये ड्रायव्हरने सुटतानाच खिडक्या लावायला आणि मोबाइल आत ठेवायला सांगितलं, मनापासून सांगितलं, मी त्याला दोष देणार नाही. पण अर्ध्या तासाने पुढच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं "डावीकडे, डावीकडे" आणि अख्खी बस डावीकडे झुकली. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, कपाळावर आणि गालावर पांढऱ्या मातीची नक्षी, कमरेला आणि डोक्याला लाल धाग्यांच्या जुड्या, आणि तिच्या कडेवर एक मूल. ती आमच्याकडे बघत नव्हती. मूल बघत होतं. काही सेकंदांचा प्रकार, बस थांबलीही नाही, पण मागे एक काकू बिस्किटाचा पुडा हातात घेऊन खिडकी उघडायला लागल्या होत्या आणि मदतनीस पोरगा "आंटी नही, जेल हो जायेगा" म्हणून धावला. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, मूल दिसलं म्हणून द्यावंसं वाटलं. बस पुढे गेल्यावर लोक एकमेकांना विचारत होते, तुम्हाला दिसली का, आम्हाला नाही दिसली, आम्ही उजवीकडे होतो. आणि ज्यांना दिसली नाही त्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. मी स्वतः झुकून बघितलं होतं. परत येताना पूर्ण वेळ मी मान खाली घालून बसले, पण त्याने काय होणार, बस तर तीच होती.

ही बाई आपल्या घराच्या अंगणात उभी होती, हे समजायला मला बराच वेळ लागला. ते जंगल तिचं. हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं राखीव क्षेत्र आहे आणि २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या होती ३८०. डोंबिवलीत आमच्या एका सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. १९९७-९८ पर्यंत हे लोक बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते, रस्ता बांधताना सुद्धा त्यांनी बाण मारून विरोध केला होता. मग हळूहळू ते जंगलाबाहेर यायला लागले, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला गोवर म्हणजे लहानपणचा आजार, कडुलिंबाचा पाला आणि आठवडाभर घरात. पण ज्यांच्या शरीराने तो विषाणू कधी बघितलाच नाही त्यांना तो मारतो. हे काही अंदाजाने बोलत नाही. याच बेटांवर ग्रेट अंदमानी लोक होते, इंग्रज १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत करायला आले तेव्हा ते हजारोंच्या संख्येत होते, मग गोवर आला, सिफिलिस आला, दारू आली, अफू आली, आणि २०११ च्या जनगणनेत ते उरले होते ४४. आपण सेल्युलर जेल बघताना काळ्या पाण्याची शिक्षा भोगणाऱ्यांसाठी रडतो, आणि रडायलाच पाहिजे, पण त्याच वसाहतीने ज्यांचं घर गेलं त्यांचं नाव आमच्या चार दिवसांच्या टूरमध्ये एकदाही कोणी घेतलं नाही.

आता कायद्याचं बघा. १९५६ पासून आदिवासी संरक्षणाचा नियम आहे. २००२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ट्रंक रोडचा जो भाग जारवा राखीव क्षेत्रातून जातो तो बंद करा. बंद करा, एवढं स्पष्ट. तो आजही चालू आहे. २०१२ च्या जानेवारीत एका इंग्रजी वर्तमानपत्राने व्हिडिओ बाहेर काढला ज्यात जारवा बायकांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचायला लावलं होतं, जगभर छी थू झाली, केंद्र सरकारने त्याच वर्षी नियम कडक केले, शिक्षा सात वर्षांपर्यंत नेली. २०१३ च्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांना या रस्त्यावरून न्यायलाच बंदी घातली. ती बंदी मार्चमध्ये उठली, कारण मधल्या काळात प्रशासनाने राखीव क्षेत्राभोवतीच्या संरक्षित पट्ट्याची नवी अधिसूचना काढली होती, पट्टा आखूड केला होता. म्हणजे नियम पाळता येईना तेव्हा नियमाची रेघच सरकवली. २०१७ मध्ये समुद्रातून पर्यायी मार्ग सुरू झाला, त्यावर सरकारी पैसा खर्च झाला, पण पर्यटकांसाठी रस्ता बंद केला नाही, मग बोटीने जाणार कोण? रस्त्याने स्वस्त, ठरलेल्या वेळेचं, आणि वर ते "नशिबावर" असलेलं आमिष. आता या रस्त्यातल्या एका खाडीवर पूल झालाय, दुसऱ्या खाडीवरही होतोय. तो झाला की फेरीबोटीसाठी थांबायलाही लागणार नाही आणि गर्दी वाढेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की बाराटांगची गुहा पर्यटकांसाठी खुली राहू दे, पण तिथे जायचं ते फक्त समुद्रातून, आणि रोज ठराविक माणसं. ट्रंक रोडवर पर्यटकाची एकही गाडी नको.

यावर पहिला आक्षेप येतो तो स्थानिकांचा आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रंगत, मायाबंदर, डिगलीपूरला हजारो लोक राहतात, त्यातले कितीतरी फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आणून वसवलेल्या कुटुंबांतले, काही रांचीकडून मजूर म्हणून आणलेल्यांचे. ते कोणी मौजेला त्या रस्त्याने जात नाहीत. गरोदर बाईला मोठ्या हॉस्पिटलला न्यायचंय, भाजी न्यायचीय, पोराला कॉलेजला सोडायचंय. त्यांचं काय करायचं हा प्रश्न अवघड आहे आणि तो मुंबईच्या लोकलमध्ये उभं राहून मोबाइलवर टाइप करणाऱ्या माझ्यासारखीने सोडवू नये, त्यांच्यासाठी चांगली जहाजसेवा आधी झाली पाहिजे आणि मगच रस्त्याचं बोलावं. पण माझा प्रश्न त्यांचा नाहीच ना! प्रत्येक वेळी पर्यटकांच्या गाड्या थांबवायची गोष्ट निघाली की पुढे पेशंटची अॅम्ब्युलन्स उभी केली जाते. अॅम्ब्युलन्सला रस्ता द्या, बसला द्या, भाजीच्या ट्रकला द्या. मला डोंबिवलीहून येऊन सुट्टीत गुहा बघायचीय, माझी गरज त्या रांगेत बसत नाही.

दुसरं, बोटवाले, गाइड, सरबतवाले यांचं पोट. हे खरं आहे. बाराटांगमध्ये गुहेशिवाय दुसरं उत्पन्न फार नाही. पण समुद्रातून येणारा माणूसही त्याच जेट्टीला उतरणार, त्याच बोटीत बसणार, तेच सरबत पिणार. उलट आज काय होतं, लोक सकाळी धावत येतात आणि परतीचा कॉन्व्हॉय चुकेल म्हणून जेवणाचा घास गिळून धावत जातात, तिथे रात्रभर राहतं कोण? वेळेची ही कात्री गेली तर माणूस मुक्काम करेल, दोन जेवणं घेईल. कमी माणसं पण जास्त थांबणारी, हे गुहेला पण बरं आणि गावाला पण.

तिसरं म्हणणं मी आमच्याच बसमध्ये ऐकलं, की किती दिवस यांना असं ठेवणार, मुख्य प्रवाहात आणा की. याच्यावर मला एवढंच विचारायचंय की बसच्या खिडकीतून बघणं हा कुठला प्रवाह? त्या रस्त्याने त्यांच्याकडे शाळा नाही गेली, गुटखा गेला, दारू गेली, शिकारचोर गेले. जारवांना बाहेर यायचं असेल तर त्यांचे ते येतील, त्यांच्या वेळेने, आणि यायचं नसेल तर नाही येणार. त्यांना विचारायची पद्धत म्हणजे रोज ठरलेल्या वेळी गाड्यांची माळ त्यांच्या घरातून नेणं ही नव्हे.

आणि आपल्याला असं काही जमतच नाही असंही नाही. अजिंठ्याला काय करतो आपण? फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावतो, तिकीट काढतो, आणि पुढचे चार किलोमीटर त्यांच्या बसनेच जातो. चित्रांवर फ्लॅश मारू देत नाहीत, उजेड मंद ठेवलेला असतो, कोणी आरडाओरडा करत नाही की मी पैसे भरले, मला माझी गाडी दारापर्यंत न्यायचीय. दीड-दोन हजार वर्षांच्या रंगासाठी आपण हे ऐकतो. फिलिपिन्समध्ये पालावान बेटावर पुएर्तो प्रिन्सेसाची भूमिगत नदी आहे, तीही चुनखडीतलीच, तिथे परमिटशिवाय जाताच येत नाही आणि रोजची संख्या बांधलेली आहे. तरी लोक जातात, रांग लावून जातात.

अंदमानातच एक उदाहरण आहे जे मला फार जवळचं वाटतं. तिथल्या चुनखडीच्या गुहांत एक छोटी पाकोळी राहते, ती आपल्या लाळेचं घरटं बांधते, आणि त्या घरट्याचं सूप चीनकडे प्रचंड महाग विकलं जातं. त्यामुळे चोरट्यांनी गुहाच्या गुहा रिकाम्या केल्या होत्या. रवी शंकरन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञांनी त्या शेकडो गुहा पालथ्या घातल्या आणि वनखात्याला सोबत घेऊन, जे लोक घरटी काढायचे त्यांनाच राखणदार केलं. डिगलीपूरजवळच्या चालीस एक नावाच्या गुहांमध्ये पगार घेऊन माणसं पहारा द्यायला लागली आणि पाकोळ्या परत वाढल्या. शंकरन २००९ मध्ये फार लवकर गेले, पण त्यांनी दाखवून दिलं की तिथल्या माणसाचं पोट आणि गुहा ही एकमेकांच्या विरुद्ध नसतात. हे पक्ष्यासाठी जमलं, तर जारवांसाठी का नाही जमणार?

मला कोणी म्हणेल की तू जाऊन आलीस, बघून आलीस, आता दुसऱ्यांना सांगतेस. हो, गेले होते. जाण्याआधी मला यातलं काही माहीत नव्हतं, टूरवाल्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. म्हणून लिहितेय, की तुम्ही विचारा. अंदमानच्या टूर आपल्याकडून मोठ्या प्रमाणात भरतात, दादर, ठाणे, पुणे, नाशिक, कुठल्याही ऑफिसात गेलात तर सावरकरांचा फोटो आणि खाली पॅकेज. दहा जणांनी बुकिंग करताना विचारलं की बाराटांग बोटीने नेता का, रस्त्याने नेणार असाल तर आमचं ते कॅन्सल करा, तर अकराव्याला तो आपणहून सांगायला लागेल. धंदेवाईक माणसाला कोर्टाचा आदेश उशिरा कळतो, गिऱ्हाईकाचा लगेच.

गेल्या महिन्यात माझ्या मावशीचं अंदमानचं ठरलं, डिसेंबरसाठी, त्या आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या आठ बायका. मी त्यांना हे सगळं सांगितलं, कडेवरच्या मुलाचंही सांगितलं. मावशींनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला की मॅडम, बोटीचं मी बघतो, नक्की नाही सांगता येणार, पण रोडने एकदम सेफ आहे, सगळे जातात, आणि जारवा पण दिसतील. मावशी म्हणाल्या, "अरे बाळा, ते दिसू नयेत म्हणूनच तर विचारतेय." पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग त्याने विचारलं की बाराटांगचा दिवस काढू का, आणि त्या म्हणाल्या, बोट मिळाली तर ठेव, नाहीतर काढ.